सभागृह शिवसेनेचे, सही आयुक्तांची: मुंबई महापालिका, 1997 ते 2022

7 मार्च 2022 रोजी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक लांबलेली असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी प्रशासक म्हणून सूत्रे हाती घेतली आणि 1997 पासून अखंड महापौरपद राखलेल्या शिवसेनेची पालिकेतील सत्ता मतदानाविनाच थांबली. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत पक्ष फुटला आणि या पंचवीस वर्षांचे श्रेय कोणी घ्यायचे व दोष कोणाच्या माथी मारायचा, हा वाद एकाच घरातल्या दोन चुलींवर शिजू लागला. या लेखात ‘शिवसेना’ म्हणजे फुटीपूर्वीचा एकसंध पक्ष, एवढे आधीच स्पष्ट करतो.

या काळाविषयी दोन टोकांची मते सर्रास ऐकू येतात. एका मतानुसार देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका या पक्षाने चालवली, धरण बांधले, रुग्णालये वाढवली आणि करोनाकाळात मुंबई सावरली. दुसऱ्या मतानुसार पंचवीस वर्षांत खड्डे, तुंबलेले नाले आणि टक्केवारी यांपलीकडे काहीच झाले नाही. पालिकेचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो कायदा ही दोन्ही मते विचारात घेत नाहीत. म्हणून त्या कायद्यापासूनच सुरुवात करणे मला आवश्यक वाटते.

1888 चा कायदा आणि सत्तेची वाटणी

मुंबई महापालिका आजही 1888 च्या अधिनियमाखाली चालते. या कायद्याने कार्यकारी अधिकार महापौराला न देता आयुक्ताला दिले आहेत आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. सभागृहाने धोरण ठरवावे, अर्थसंकल्प मंजूर करावा, करांचे दर ठरवावेत आणि स्थायी समितीने मोठ्या कंत्राटांना मान्यता द्यावी, अशी ही रचना आहे. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतो, परंतु एखादा रस्ता कोणत्या दिवशी खोदायचा किंवा एखाद्या अभियंत्याला कोणत्या विभागात पाठवायचे, हे तो ठरवू शकत नाही. नगरसेवकाने मांडलेली ठरावाची सूचना सभागृहाने एकमताने मंजूर केली, तरी ती पुढे आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते, आणि तो अभिप्राय प्रतिकूल आला की ती दफ्तरी दाखल होते.

नको असलेल्या आयुक्ताला परत पाठवण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण त्यासाठी एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश इतकी मते लागतात. 227 सदस्यांच्या सभागृहात ही संख्या 142 होते. शिवसेनेने 1997 मध्ये 221 पैकी 103 जागा जिंकल्या. 2007 मध्ये 84, 2012 मध्ये 75 आणि 2017 मध्ये पुन्हा 84 जागा मिळाल्या. भाजपच्या जागा मिळवल्या तरी 2007 मध्ये युतीचे बळ 112 आणि 2012 मध्ये 106 भरते, म्हणजे 114 च्या साध्या बहुमतासाठीही युतीला बाहेरचा आधार शोधावा लागत होता. ज्या पक्षाला मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हटले गेले, त्याला महापालिकेत स्वबळावर बहुमत एकदाही मिळाले नाही, ही गोष्ट आश्चर्यकारक वाटली तरी आकडे तेच सांगतात.

ही रचना बदलण्याचा एक प्रयत्न झाला होता. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार असताना 1998 मध्ये मुंबई आणि नागपूर येथे ‘महापौर परिषद’ पद्धत आणली गेली. कार्यकारी अधिकार निवडून आलेल्यांच्या हाती देणारा हा बदल मुळात योग्य दिशेचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पण 1999 मध्येच तो मागे घेण्यात आला, आणि त्यानंतर तो पुन्हा आणण्याचा गंभीर प्रयत्न पक्षाने केला नाही. 1999 ते 2014 या काळात राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार असल्याने तो करणे शक्यच नव्हते, हे मान्य. मात्र नोव्हेंबर 2019 पासून मुख्यमंत्रिपद आणि नगरविकास खाते ही दोन्ही शिवसेनेकडे होती. आयुक्त नेमणारा हात आणि सभागृह चालवणारा हात एकाच पक्षाचे झाले असतानाही कायद्याला हात लागला नाही. पंचवीस वर्षांच्या कारभारावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. खड्ड्यांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

शाखा: कायद्यात नसलेली पालिका

शिवसेनेची स्थापना 19 जून 1966 ची. 1968 च्या पहिल्याच पालिका निवडणुकीत पक्षाने 140 पैकी 42 जागा मिळवल्या, 1971 मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते हे पक्षाचे पहिले महापौर झाले, आणि 1985 मध्ये 170 पैकी 74 जागांसह पक्ष पालिकेत सत्तेवर आला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाणार, या भीतीचा त्या निवडणुकीवर मोठा प्रभाव होता आणि छगन भुजबळ तेव्हा महापौर झाले. 1992 मध्ये काँग्रेसने सत्ता परत घेतली. या संपूर्ण प्रवासात पक्षाचे बळ सभागृहापेक्षा शाखेत होते.

लालबाग, परळ, गिरगाव, भांडुप, विक्रोळी अशा वस्त्यांत संध्याकाळी शाखा उघडायची आणि शाखाप्रमुखासमोर बाकावर माणसे बसायची. नळाला पाणी कमी दाबाने येते, संडासाची टाकी भरली आहे, रुग्णालयात खाट हवी आहे, मुलाला शाळेत प्रवेश हवा आहे, अशा तक्रारी तिथे तोंडी मांडल्या जायच्या. शाखाप्रमुख नगरसेवकाला सांगायचा, नगरसेवक विभाग कार्यालयात फोन करायचा किंवा स्वतः जाऊन साहाय्यक आयुक्तांसमोर बसायचा. अर्ज लिहिता न येणाऱ्या माणसाला या व्यवस्थेने पालिकेच्या दारापर्यंत नेले, आणि हे काम लहान नव्हते. मुंबईतल्या कष्टकरी मराठी कुटुंबांनी एवढी वर्षे या पक्षाला मते का दिली, याचे उत्तर अस्मितेइतकेच या बाकावरही आहे.

पण याच व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. तक्रार ओळखीने सुटू लागली की ती नियमाने सुटावी, असा आग्रह मावळतो. नगरसेवकाचा जीव आपल्या प्रभागातील गटार, लादीकरण, समाजमंदिर आणि पाण्याची जोडणी यांत अडकतो, आणि चार-पाच प्रभागांतून वाहणाऱ्या नाल्याला वाली उरत नाही. पुढचे प्रकरण नेमके अशाच नाल्यांचे आहे.

पावसाचे पाणी

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी सुमारे 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या क्षमतेच्या होत्या. ही क्षमता ताशी 50 मिलिमीटरपर्यंत नेण्याचा सल्ला देणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 मध्ये पालिकेला मिळाला. त्या वेळचा अंदाजित खर्च सुमारे 616 कोटी रुपये होता. शिवसेना सत्तेवर आली तेव्हा हा अहवाल चार वर्षांचा होता, आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तो बारा वर्षांचा झाला होता. मधल्या काळात किरकोळ कामे झाली. एवढ्या पावसापुढे कोणतीही व्यवस्था अपुरी पडली असती, हा युक्तिवाद खरा आहे. पण त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात दादरचे हिंदमाता, शीवचे गांधी मार्केट आणि मिलन सबवे का तुंबत राहिले, याचे उत्तर तो युक्तिवाद देत नाही.

महापुरानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कारणांचा तपास केला आणि 2007 मध्ये केंद्राने ब्रिमस्टोवॅडसाठी 1200 कोटी रुपये मंजूर केले. आठ उदंचन केंद्रे उभारायची होती. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी पातमुखांतून, म्हणजे नाले जिथे समुद्राला मिळतात तिथून, शहरात शिरू नये म्हणून दरवाजे बंद करायचे आणि आतले पाणी पंपांनी बाहेर टाकायचे, हे या केंद्रांचे काम. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा केंद्रे टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मोगरा आणि माहुल येथील केंद्रे मात्र जमिनीच्या व परवानग्यांच्या गुंत्यात अडकली आणि मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली तेव्हाही ती कार्यान्वित झालेली नव्हती. म्हणजे अहवाल आल्यापासून जवळपास तीस वर्षांनी आठांपैकी सहा.

या विलंबाचा सगळा भार शिवसेनेवर टाकणे अन्यायाचे ठरेल. मिठी नदीचेच उदाहरण घ्या: जवळपास अठरा किलोमीटरच्या या नदीचा सुमारे बारा किलोमीटरचा भाग पालिकेकडे आणि सहा किलोमीटरचा भाग एमएमआरडीए या राज्य सरकारच्या विकास प्राधिकरणाकडे. नदी एकच, पण तिच्या दोन भागांचे दोन मालक, आणि त्यांतला एक राज्य सरकारचा. काही जमिनी केंद्राच्या, काही रेल्वेच्या, काही मिठागरांच्या. तरीही ज्या पक्षाकडे शहरभर शाखांचे जाळे होते, त्याने रेल्वे आणि केंद्राशी या जमिनींसाठी जी जिद्दीची लढाई करायला हवी होती, ती झाल्याचे दिसत नाही. हिंदमातासाठी दादर-परळ परिसरातील मैदानांखाली भूमिगत टाक्या बांधून पावसाचे पाणी साठवण्याचा उपाय 2021 च्या सुमारास पुढे आला. तो कल्पक होता आणि त्यामुळे पाणी ओसरण्याचा वेळ कमी झाला, पण आला फार उशिरा.

नालेसफाईची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे कोणाच्या परवानगीचा प्रश्न नव्हता. दर वर्षी मे अखेरपर्यंत गाळ काढायचा आणि तो कुठे टाकला, याची नोंद ठेवायची, एवढेच काम. 2015 मध्ये या कामातील नोंदींत घोळ उघड झाला आणि ठेकेदारांवर काळ्या यादीची कारवाई झाली. प्रस्ताव मंजूर करणारी स्थायी समिती दर वर्षी तेच काम, त्याच पद्धतीने, पुन्हा पुन्हा मंजूर करत होती, आणि तिचे अध्यक्षपद शिवसेनेकडे होते. इथे आयुक्तांकडे बोट दाखवून सुटका होत नाही.

चौतीस रस्ते

या अभ्यासात मला सर्वांत बोलकी वाटलेली घटनाही 2015 चीच आहे. तत्कालीन महापौर स्नेहल आंबेकर यांनी आयुक्त अजोय मेहता यांना रस्त्यांच्या कामांतील गैरप्रकारांबद्दल पत्र लिहिले. चौकशी झाली. चौतीस रस्त्यांच्या तपासणीत कामाचा दर्जा आणि प्रत्यक्ष झालेले काम यांत मोठी तफावत आढळली, एप्रिल 2016 मध्ये ठेकेदारांवर गुन्हा नोंदवला गेला, आणि रस्ते विभागाच्या व दक्षता विभागाच्या प्रमुख अभियंत्यांना निलंबित करून पुढे अटक करण्यात आली.

या घटनेचे दोन अर्थ लागतात आणि मला दोन्ही खरे वाटतात. पहिला असा की सत्ताधारी पक्षाच्या महापौरांनी स्वतः तक्रार केली आणि ती तडीस गेली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दुसरा असा की शहराच्या प्रथम नागरिकाला आपल्याच पालिकेतील कामाची चौकशी व्हावी म्हणून पत्र लिहावे लागते, आणि ज्या कामांविषयी ते पत्र आहे ती कंत्राटे त्याच पक्षाच्या अध्यक्षतेखालील समितीकडून मंजूर होऊन गेलेली असतात. सुमारे दोन हजार किलोमीटर रस्ते सांभाळणाऱ्या पालिकेत मंजुरी देणारे वेगळे, काम करून घेणारे वेगळे आणि तक्रार करणारे पुन्हा मंजुरी देणाऱ्यांच्याच पक्षातले, असे हे वर्तुळ होते. पक्षाच्या बचावासाठी ते सोयीचे होते. रोज त्या रस्त्यावरून दुचाकी चालवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत होती.

पाणी, शाळा आणि साठवलेला पैसा

पाणीपुरवठ्यात पक्षाच्या जमेची बाजू भक्कम आहे. मध्य वैतरणा धरण 2014 मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईला दररोज 455 दशलक्ष लिटर पाणी त्यातून मिळू लागले. सात जलाशयांतून येणारे पाणी जमिनीखालच्या जलबोगद्यांतून आणणे हे मुंबई पालिकेच्या अभियंत्यांचे खरे वैभव आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा सभागृहाने कधी अडवला नाही. मात्र पाणी कोणाला द्यायचे, या प्रश्नावर पालिका मागे राहिली. अनधिकृत झोपड्यांतील माणसांनाही पाण्याचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले, तेव्हा कुठे पालिकेने 2017 मध्ये धोरण आणले. तळागाळातल्या माणसाच्या नावाने राजकारण करणाऱ्या पक्षाने यासाठी न्यायालयाची वाट पाहायला नको होती.

शाळांत आठ माध्यमांतून शिक्षण देणारी ही पालिका विद्यार्थ्यांना दप्तर, गणवेशासह 27 वस्तू मोफत देते. 2015 मध्ये टॅब वाटले गेले, पुढे ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाखाली केंद्रीय मंडळाच्या शाळाही सुरू झाल्या आणि त्यांत प्रवेशासाठी पालकांची गर्दी झाली. याच काळात पालिकेच्या मराठी शाळांतील पट मात्र आटत गेला. मराठीच्या मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या पक्षाच्या सत्तेत हे घडले, याची मला मनापासून खंत वाटते.

पैशाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. 1 जुलै 2017 पासून जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून दरमहा सुमारे 647 कोटी रुपयांची भरपाई येऊ लागली. जकात हा पालिकेचा हक्काचा, रोजचा पैसा होता. तो जाऊन त्या जागी मंत्रालयातून येणारा धनादेश आला. त्याच वर्षी आयुक्तांनी अर्थसंकल्पाचे आकारमान 37,052 कोटींवरून 25,141 कोटींवर आणले, कारण आधीचे आकडे फुगवलेले होते आणि तरतूद केलेला पैसा खर्चच होत नव्हता. पाच वर्षांनी, 2022-23 चा अर्थसंकल्प 45,949 कोटींचा होता आणि बँकांतील मुदत ठेवी सुमारे 92 हजार कोटींवर गेल्या होत्या. पक्षाने या ठेवी आपल्या काटकसरीचा पुरावा म्हणून मांडल्या. त्यांतला मोठा भाग कर्मचाऱ्यांची देणी आणि ठेकेदारांच्या अनामत रकमा यांसाठी बांधलेला असतो. उरलेला भाग म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसारखी वर्षानुवर्षे रखडलेली कामे. घरात पैसा आहे आणि छप्पर गळते आहे, तर त्या पैशाचे कौतुक किती करायचे?

पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचे 2017 चे वचन 2019 मध्ये केवळ सर्वसाधारण करापुरते आणि 2022 मध्ये पूर्णतः पाळले गेले. सागरी किनारा मार्गाचे काम ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाले. ते पालिकेने स्वतःच्या पैशातून उभे केले आणि त्याचा पहिला टप्पा मार्च 2024 मध्ये, सभागृह नसताना, खुला झाला.

करोना

11 मार्च 2020 रोजी मुंबईत पहिले रुग्ण आढळले, 1 एप्रिलला धारावीत. त्यानंतरचे वर्षभर पालिकेने जे केले, त्याला मी या पंचवीस वर्षांतील सर्वोत्तम कामगिरी मानतो. घरोघरी जाऊन तपासणी, शाळा व सभागृहांत विलगीकरण, सार्वजनिक शौचालयांचे दिवसातून अनेकदा निर्जंतुकीकरण, आणि चोवीस विभागांत चोवीस नियंत्रण कक्ष उघडून खाटांचे वाटप मुख्यालयातून काढून विभागांकडे देणे, यांमुळे शहर तगले. जुलै 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला. मे 2021 मध्ये प्राणवायूच्या नियोजनासाठी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे उदाहरण दिले. पूर्वी परिचारिका असलेल्या महापौर किशोरी पेडणेकर गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या, तेव्हा घाबरलेल्या कर्मचाऱ्यांना त्याचा धीर वाटला.

हे यश कोणाचे? मला वाटते, आयुक्त, मुख्यमंत्री आणि सभागृह यांच्यात एकदाच ओढाताण नव्हती, म्हणून ते शक्य झाले. पण त्याच ऐक्यापोटी देखरेख सैल झाली. स्थायी समितीने खर्चाचे वाढीव अधिकार प्रशासनाला दिले होते आणि नंतर हिशेब मागितला गेला, तेव्हा पालिकेने साथरोग कायद्याचा आधार घेऊन सुमारे 3,538 कोटींच्या करोनाविषयक खर्चाची कागदपत्रे महालेखापरीक्षकांना दिली नाहीत. नोव्हेंबर 2019 ते ऑक्टोबर 2022 या काळातील सुमारे 12 हजार कोटींच्या कामांवरचा त्यांचा अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत आला; निविदा न काढता दिलेली कामे आणि करारनाम्याविना चाललेली कामे त्यात नोंदवली आहेत. या तपासणीच्या काळातील शेवटचे आठ महिने प्रशासकाचे होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

विरोधी बाक

शेवटी सभागृहाच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. 2017 मध्ये शिवसेना 84 आणि भाजप 82 असा निकाल लागला. दोन्ही पक्ष स्वतंत्र लढले होते, तरी राज्यात एकत्र होते. भाजपने महापौरपद लढवले नाही आणि विरोधी पक्षनेतेपदही घेतले नाही. आपण ‘पहारेकरी’ राहू, असे सांगितले. विरोधी पक्षनेतेपद 31 नगरसेवकांच्या काँग्रेसकडे गेले. राज्यातील युती तुटल्यावर 2020 मध्ये भाजपने त्या पदावर दावा केला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही. त्याआधी ऑक्टोबर 2017 मध्ये मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांना शिवसेनेने आपल्याकडे घेतले होते. सभागृहातला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष सत्तेतही नाही आणि विरोधातही नाही, अशी अवस्था जवळपास तीन वर्षे राहिली. 1997 ते 2017 या वीस वर्षांत तर हाच पक्ष सत्तेतला भागीदार होता, त्यामुळे नालेसफाई आणि रस्त्यांच्या हिशेबात त्याचाही वाटा धरावा लागतो.

मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षे मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. या काळात प्रशासकाने स्थायी समिती आणि सभागृह या दोघांचे अधिकार एकट्याने वापरले, आणि जुलै 2023 मध्ये पालकमंत्र्यांना पालिका मुख्यालयातच दालन मिळाले. निवडणूक 15 जानेवारी 2026 रोजी झाली. नव्या सभागृहातील 227 जणांनाही आयुक्त परत पाठवायचा असेल, तर 142 मतेच लागणार आहेत.